एल्व्हिस प्रेस्ली यांच्या कबरीसाठी मेम्फिसपर्यंत जावे का?

देवळालीकर (प्रश्न)

नमस्कार. येत्या सप्टेंबरात आम्ही उभयता अमेरिकेत नॅशव्हिलला मुलाकडे जाणार आहोत. तेथून मेम्फिस सुमारे ३४० किलोमीटर, म्हणजे मोटारीने साडेतीन तासांचा रस्ता आहे. मेम्फिसला ग्रेसलँड हे प्रसिद्ध गायक एल्व्हिस प्रेस्ली यांचे राहते घर आहे आणि त्याच आवारात त्यांची कबर आहे. ती पाहावी ही माझी फार जुनी इच्छा. परंतु घरात या विषयावर एकमत नाही. म्हणून जे जाऊन आले आहेत किंवा ज्यांनी अशा जागांविषयी विचार केला आहे, त्यांचे मत मला हवे आहे.

माझे बालपण देवळाली कॅम्पात गेले. आमच्या शेजारी एक अँग्लो-इंडियन कुटुंब राहत असे. रविवारी ती मंडळी चर्चमधून परतली की त्यांच्या घरी एल्व्हिस यांच्या गॉस्पेलच्या, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतांच्या, रेकॉर्ड लागत. त्यांची नाचाची गाणी मी पुढे कॉलेजात ऐकली, पण मनात घर केले ते भक्तिगीतांतल्या आवाजाने. त्यांना स्पर्धेतून मिळालेले तीनही ग्रॅमी पुरस्कार गॉस्पेलसाठीच होते, हे नंतर वाचनात आले तेव्हा मला आनंद झाला, आश्चर्य मात्र वाटले नाही.

मुलाचे म्हणणे असे की, ग्रेसलँड हे आता स्मारक राहिलेले नसून मोठे व्यापारी संकुल झाले आहे. दुकाने, उपाहारगृहे, मोटारींचे दालन, पाहायला ठेवलेली विमाने असा सगळा थाट आहे. तिकीट माणशी ८० डॉलरच्या पुढे, गाडी लावण्याचे पैसे निराळे. दोघांचे मिळून पंधरा हजार रुपयांच्या आसपास जातील आणि एवढे करून कबरीपाशी रांगेत दोन मिनिटे मिळतील. पैशाचा प्रश्न आहेच, पण माझी खरी अडचण वेगळी आहे. त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या समाधीपुढे माथा टेकवत मोठा झालेला मी माणूस; समाधीच्या वाटेवर तिकीटखिडकी असावी, हेच मनाला पटत नाही. अशा ठिकाणी जाऊन त्या आवाजाविषयीचा आदर वाढेल, की मन खट्टू होऊन परतावे लागेल?

पश्चिमवारा

नोकरीनिमित्त मी काही वर्षे अमेरिकेत होतो, आता गंगापूर रोडला स्थायिक आहे. ग्रेसलँड मी पाहिलेले आहे. आपण जावे असेच मी म्हणेन. मात्र तेथील रचना आधी नीट समजून घ्यावी, कारण चिरंजीवांनी सांगितलेले सारे खरे असले तरी ते एकाच जागी नाही.

ग्रेसलँडच्या मधून एल्व्हिस प्रेस्ली बुलेव्हार्ड हा रुंद रस्ता जातो. त्याच्या एका बाजूला घर, बाग आणि कबर आहे. दुकाने, मोटारी, विमाने, खाण्यापिण्याची सोय हे सर्व रस्त्याच्या पलीकडे आहे. पलीकडचे हे मोठे संकुल २०१७ साली उघडले आणि त्याच्या आदल्या वर्षी जवळच ४५० खोल्यांचे हॉटेलही झाले. तिकिटे, गर्दी आणि खरेदी त्या बाजूला होते. तेथून छोट्या बसने रस्ता ओलांडून घराच्या दारात सोडतात. त्यामुळे व्यापाराचा गलका घराच्या आवारात फारसा पोहोचत नाही. दरवर्षी ५ लाखांहून अधिक लोक येत असूनही बागेत मला दबक्या आवाजातले बोलणेच ऐकू आले.

घराविषयी बहुतेकांची कल्पना भव्य प्रासादाची असते आणि प्रत्यक्षात ते एका सधन कुटुंबाचे मध्यम आकाराचे घर वाटते. १९५७ साली, वयाच्या २२ व्या वर्षी, त्यांनी ते एक लाख डॉलरहून थोड्या अधिक रकमेला विकत घेतले आणि आईवडिलांना तेथे राहायला आणले. त्यांची आई पुढच्याच वर्षी वारली. दिवाणखान्यात लांबलचक पांढरा सोफा आणि मोरांची चित्रे असलेल्या रंगीत काचा आहेत, तळघरात एकाच भिंतीत बसवलेले तीन दूरचित्रवाणी संच आहेत. मागच्या बाजूला जंगल रूम म्हणून प्रसिद्ध असलेली बैठकीची खोली आहे, जिच्या जमिनीवरच नव्हे तर छतालाही हिरवा लोकरी गालिचा लावलेला आहे. ही खोली पाहून पुष्कळ जण हसतात. परंतु त्या गालिच्यामुळे आवाज घुमत नसे आणि १९७६ साली स्टुडिओत जाण्याची उमेद उरली नव्हती तेव्हा त्यांनी याच खोलीत ध्वनिमुद्रण केले, हे माहीत असलेला माणूस तेथे हसत नाही.

वरचा मजला पाहायला मिळत नाही. १६ ऑगस्ट १९७७ रोजी वयाच्या ४२ व्या वर्षी ते ज्या मजल्यावर कोसळले, तो मजला कुटुंबाने आजवर लोकांसाठी उघडलेला नाही. ज्यांना केवळ पैसाच मिळवायचा असता, त्यांनी सर्वांत आधी त्याच दाराला तिकीट लावले असते. ही मर्यादा पाळली गेली आहे, म्हणून मला त्या जागेविषयी आदर वाटला.

आता कबरीविषयी. एल्व्हिस यांना प्रथम येथे पुरलेले नव्हते. मेम्फिसमधीलच फॉरेस्ट हिल दफनभूमीत त्यांना ठेवले होते. पण ऑगस्ट १९७७ संपता संपता शव पळवण्याचा बेत असल्याच्या संशयावरून काही जणांना अटक झाली. वडिलांनी शहराच्या प्रशासनाकडून परवानगी मिळवून २ ऑक्टोबर १९७७ रोजी एल्व्हिस आणि त्यांच्या आई, दोघांनाही घराच्या आवारातील मेडिटेशन गार्डनमध्ये आणले. हे नाव पर्यटकांसाठी दिलेले नाही. १९६० च्या दशकात एल्व्हिस यांनी स्वतःच्या चिंतनासाठी ही बाग करवून घेतली होती आणि ते तेथे येऊन बसत. गोल कारंजे, भोवती अर्धवर्तुळात खांबांची रांग, जमिनीलगत पितळी रंगाच्या सपाट पाट्या. वडील, आजी, २०२० साली वारलेला नातू आणि जानेवारी २०२३ मध्ये वारलेली मुलगी लिसा मेरी हेही तेथेच आहेत. जन्मतःच मृत असलेल्या जुळ्या भावासाठीही एक छोटी पाटी आहे. आपण एका गायकाच्या स्मारकासमोर नसून एका घराण्याच्या दुःखासमोर उभे आहोत, असे मला तेथे वाटले.

आणि आपल्या तिकीटखिडकीच्या शंकेचे उत्तर असे: बहुतेक दिवशी सकाळी, घराच्या सहली सुरू होण्यापूर्वी थोडा वेळ, फाटकातून चालत जाऊन कबरीचे दर्शन विनामूल्य घेता येते. ही वेळ ऋतूनुसार आणि दिवसानुसार बदलते, म्हणून निघण्याआधी त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहावी. हे पुष्कळांना ठाऊक नसते, कारण त्याची जाहिरात कोणी करत नाही.

तंबोरा

मी पंचवटीत गायन शिकवते. वरील माहिती मोलाची आहे, तरीही माझे मत वेगळे आहे आणि ते जरा सविस्तर मांडते.

कलावंताच्या कबरीवर जायचे ते कशासाठी? आपल्या परंपरेत याला एक सुंदर उत्तर आहे आणि ते मिरजेत पाहायला मिळते. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ १९३७ साली निवर्तले आणि मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केले. दरवर्षी दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. तेथे हजेरी लावणे ही सेवा आहे असे गायक-वादक मानतात आणि पुढे बसलेल्या श्रोत्यांत गावातील तंतुवाद्ये घडवणारे कारागीरही असतात. नाशिकच्या माणसाला मिरज आणखी एका कारणाने जवळची आहे. आपल्या शहरात रामनाम आधाराश्रम काढणारे विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९३१ साली मिरजेतच देह ठेवला. त्यांचे पुत्र द. वि. पलुस्कर यांचा जन्म मात्र नाशिकचा, १९२१ सालचा. मिरजेत गेलेला माणूस काही पाहून येत नाही, ऐकून येतो. ग्वाल्हेरला तानसेनाच्या कबरीपाशी डिसेंबरात होणाऱ्या समारोहाचेही तेच आहे.

ग्रेसलँडमध्ये गाणे कोठे आहे? तेथे गायकाचे कपडे, सोफा, मोटारी आणि विमान आहे. दालनांतून ध्वनिमुद्रित गाणी लागलेली असतात, पण ती आपल्या घरीही ऐकता येतात. देवळालीकर, आपल्याला ज्या आवाजाची ओढ आहे, तो त्या घरात घडलेला नाही. तो शोधायचा असेल तर मेम्फिसमध्येच युनियन अ‍ॅव्हेन्यूवर ७०६ क्रमांकाची सन स्टुडिओची लहानशी इमारत आहे. १९५३ च्या उन्हाळ्यात त्यांनी सुमारे चार डॉलर खिशातून भरून येथे आपली पहिली तबकडी मुद्रित करून घेतली. ५ जुलै १९५४ च्या रात्री याच खोलीत ते गाणे जमून आले ज्याने सगळे बदलले. ती खोली आजही जवळपास तशीच आहे आणि तेथे ध्वनिमुद्रणे अजून होतात.

आणखी एक गोष्ट मला बोचते. त्या रात्री त्यांनी गायलेले गाणे मूळचे आर्थर क्रूडप या कृष्णवर्णीय गायकाचे, ब्लूज या अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या गायनशैलीतले, होते. क्रूडप यांना आपल्या गाण्यांच्या मानधनासाठी आयुष्यभर झगडावे लागले आणि १९७४ साली ते गेले तेव्हाही त्यांचे देणे चुकते झालेले नव्हते. एकाच्या कबरीभोवती एवढी संपत्ती जमा व्हावी आणि ज्याच्याकडून त्याने गाणे घेतले त्याचे नावही पुसट व्हावे, हा प्रश्न मनात ठेवूनच ८० डॉलर काढावेत, एवढेच माझे सांगणे आहे.

गोदाकाठ

तंबोरा यांचा क्रूडप यांच्याविषयीचा मुद्दा निर्विवाद आहे. परंतु कबर आणि व्यापार यांच्या नात्याविषयी मला निराळे वाटते, कारण मी उलट टोकाचे एक उदाहरण डोळ्यांनी पाहिले आहे.

मोहम्मद रफी ३१ जुलै १९८० रोजी गेले आणि मुंबईत जुहूच्या दफनभूमीत त्यांना दफन केले. तेथे मधुबाला, साहिर, नौशाद असे अनेक जण होते. २०१० साली नव्या दफनांसाठी जागा हवी म्हणून जुन्या कबरींवरील बांधकाम काढून टाकण्यात आले आणि त्यात रफींची कबरही गेली. आता चाहते जवळच्या नारळाच्या झाडावरून अंदाज बांधून नमस्कार करतात. मी गेलो तेव्हा तेथल्या एका माणसाने हात करून साधारण दिशा दाखवली. त्या दफनभूमीचा कारभार पाहणाऱ्यांना मी दोष देत नाही. मुंबईत मृतांनाही जागा पुरत नाही आणि धर्माच्या दृष्टीने कबर पक्की बांधणे सर्वांना मान्य नाही. तरीही, ज्याच्या आवाजाने चार पिढ्यांच्या सकाळी उजाडल्या त्याच्या नावाची एक फरशीही राहू नये, याचे मला फार वाईट वाटले. तेथे तिकीट नव्हते, दुकान नव्हते, आणि कबरही नव्हती.

अमेरिकेतही हे घडलेले आहे. ब्लूजची सम्राज्ञी म्हणून गौरवलेली बेसी स्मिथ १९३७ साली मोटार अपघातात गेली. फिलाडेल्फियाजवळील तिच्या कबरीवर १९७० पर्यंत दगडच नव्हता. अखेर गायिका जॅनिस जॉप्लिन आणि आणखी एका स्त्रीने पैसे घालून तो बसवला. तेहतीस वर्षे लाखो लोक तिच्या तबकड्या ऐकत होते, त्यांतून कोणीतरी कमावतही होते, आणि तिच्या उशाशी नाव नव्हते.

ग्रेसलँडचा व्यापार कसा सुरू झाला हेही लक्षात घ्यावे. १९७९ साली एल्व्हिस यांचे वडील वारले आणि सर्व मालमत्ता अल्पवयीन लिसा मेरीच्या नावे असली तरी तिचा कारभार लिसा मेरीची आई प्रिसिला प्रेस्ली व इतर विश्वस्तांकडे आला. घराच्या देखभालीचा आणि सुरक्षेचा खर्च वर्षाला सुमारे ५ लाख डॉलर होता, शिवाय वारसा कर डोक्यावर होता. घर विकणे किंवा ते लोकांना दाखवून पैसा उभा करणे, हे दोनच मार्ग होते. ७ जून १९८२ रोजी घर लोकांसाठी उघडले. ते त्या वेळी विकले गेले असते तर तेथे आज काय असते याची कल्पना नाशिककरांना सहज करता येईल, कारण आपल्या डोळ्यांदेखत किती वाडे पडले आणि त्यांच्या जागी काय उभे राहिले ते आपण पाहिले आहे. २००५ साली एल्व्हिस यांच्या नावाचे आणि प्रतिमेचे बहुतेक हक्क एका कंपनीला विकले गेले, तेव्हाही लिसा मेरीने घर आणि त्याची जमीन स्वतःकडेच राखली. २००६ साली त्या वास्तूला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

देवळालीकर, आपण निवृत्तिनाथांचे नाव काढलेत म्हणून लिहितो. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी यात्रा भरते तेव्हा समाधीच्या वाटेवर पेढे, माळा, बांगड्या, खेळणी, भांडी यांची दुकाने दाटीने लागतात. वारकऱ्याला त्यांचा त्रास होत नाही, उलट मुलांसाठी काहीतरी घेऊनच तो परततो. माझ्या मते खरी कसोटी दुकानांची नाही. ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याला समाधीपर्यंत पोहोचता येते की नाही, एवढेच विचारावे. पश्चिमवारा यांनी सकाळच्या विनामूल्य दर्शनाची जी गोष्ट सांगितली, तिच्यामुळे ग्रेसलँड माझ्या दृष्टीने या कसोटीला उतरते. ती वेळ उद्या बंद झाली, तर मात्र मी तंबोरा यांच्या बाजूने उभा राहीन.

देवळालीकर

सर्वांचे मनापासून आभार. विनामूल्य दर्शनाची गोष्ट मुलालाही ठाऊक नव्हती आणि तिने माझी मुख्य अडचण दूर केली आहे. रफींच्या कबरीविषयी मी ऐकून होतो, पण तो मजकूर वाचून बराच वेळ मन लागले नाही.

आता विचार असा आहे की आदल्या दिवशी दुपारी मेम्फिसला पोहोचून सन स्टुडिओ पाहावा, रात्री मुक्काम करावा आणि सकाळी कबरीवर जावे. घराचे तिकीट काढावे की नाही, हे अजून ठरत नाही. सौभाग्यवतींच्या गुडघ्यांना फार चालणे झेपत नाही, त्यामुळे तेथे किती पायपीट होते हेही कृपया कळवावे.

पश्चिमवारा

वहिनींच्या गुडघ्यांचा विचार करता दोन गोष्टी सांगतो. सकाळच्या विनामूल्य वेळेत फाटकापासून बागेपर्यंत चढाच्या रस्त्याने स्वतः चालावे लागते. चढ सौम्य आहे, पण आहे. तिकीट काढल्यास बस थेट घराशी नेते आणि घर पाहून झाल्यावर शेवटी बागेतच आणून सोडते. घरातील तळमजला सहज पाहता येतो, तळघरात जायला मात्र अरुंद जिना आहे आणि तो टाळला तरी चालेल. म्हणजे वहिनींना चढ जमणार असेल तर केवळ सकाळचे दर्शन पुरेसे आहे, आणि जमणार नसेल तर तिकिटाचे पैसे बसच्या सोयीसाठी दिले असे समजावे. पलीकडच्या संकुलातील मोटारी आणि विमाने वगळावीत. आपल्या आवडीचे तेथे फार थोडे आहे.

सप्टेंबरची निवड चांगली आहे. ऑगस्टच्या मध्यात पुण्यतिथीचा सप्ताह असतो, १५ ऑगस्टच्या रात्री हजारो लोक मेणबत्त्या घेऊन कबरीपर्यंत रांगेने चढतात आणि त्या दिवसांत शहरात हॉटेल मिळणे कठीण होते. सप्टेंबरात गर्दी ओसरते, दुपारची उष्णता मात्र टिकून असते. फाटकाशेजारच्या दगडी कुंपणावर जगभरच्या लोकांनी आपली नावे लिहिली आहेत, ती जरूर पाहावीत.

मुक्काम करणारच आहात तर लॉरेन मोटेललाही वेळ द्या. ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या तेथेच झाली आणि आता ते नागरी हक्कांचे संग्रहालय आहे. तंबोरा यांनी जो प्रश्न उपस्थित केला आहे, त्याची मुळे तेथे स्पष्ट दिसतात.

तंबोरा

गोदाकाठ यांचा रफींविषयीचा मजकूर वाचल्यावर, कबर राखण्यासाठी पैसा लागतो हे मला मान्य करावेच लागते. तरीही तो पैसा एकाच्याच वाट्याला का येतो, हा माझा प्रश्न तसाच आहे.

देवळालीकर, आपल्याला त्यांची भक्तिगीते प्रिय आहेत म्हणून एक सुचवते. मेम्फिसपासून साधारण पावणेदोनशे किलोमीटरवर मिसिसिपी राज्यात टुपेलो गाव आहे. ८ जानेवारी १९३५ रोजी एल्व्हिस यांचा जन्म तेथे झाला. वडिलांनी १८० डॉलर कर्जाऊ घेऊन बांधलेले दोन खोल्यांचे लाकडी घर अजून उभे आहे आणि लहानपणी ते आईवडिलांबरोबर ज्या प्रार्थनामंदिरात गात, ती छोटी इमारतही त्याच आवारात आणून बसवली आहे. तिकीट तेथेही आहे, पण ग्रेसलँडच्या मानाने फारच कमी. नॅशव्हिलला परतताना मेम्फिसहून टुपेलोमार्गे गेल्यास दोन-अडीच तासांचा वळसा पडतो. मधल्या नॅचेझ ट्रेस या रस्त्याने टुपेलोहून थेट नॅशव्हिलच्या वेशीपर्यंत जाता येते. त्या रस्त्यावर वेगमर्यादा कमी आहे आणि पेट्रोलपंप नाहीत, तेव्हा टाकी टुपेलोतच भरून घ्यावी.